उर नगरातले रवे

बाबांना सोन्याचं काही दाखवायचं म्हणजे बोलणी खायची तयारी ठेवूनच जावं लागतं. त्यांनी चाळीस वर्षं इतवारीच्या बाजारात सोनारकी केली. आता नंदनवनच्या घरी मागच्या खोलीत हत्यारं पुसत बसतात आणि कुणाच्याही लग्नात नवरीच्या गळ्याकडे पाहून तोंड वाकडं करतात. तरी मी मोबाइल पुढे केलाच. मी सहावीला इतिहास शिकवते. सुमेरचा धडा काढताना एक फोटो सापडला होता. उर नगरातल्या थडग्यात मिळालेली इवलीशी अंगठी, आणि तिच्यावर रवे, म्हणजे मोहरीहून बारीक सोन्याचे दाणे.

हे मशीनचं काम आहे, असं म्हणून त्यांनी मोबाइल परत केला. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं आहे म्हटल्यावर पुन्हा ओढून घेतला. फोटो मोठा करायला लावला, चष्मा बदलला, मग नुसते बघत राहिले.

"याले टाका कुठी आहे वं?" त्यांनी विचारलं.

टाका म्हणजे जोड. हलकं सोनं वितळवून त्याने दाणा चिकटवतात. मी वाचलं होतं ते सांगितलं: जुने कारागीर तांब्यावरचा हिरवा गंज डिंकात कालवून त्यात दाणा बसवत आणि निखाऱ्यावर तापवत असावेत. डिंक जळतो, तांबं उरतं, आणि दाणा टेकतो तेवढंच सोनं लवकर वितळून धरतं. वेगळा टाका लागतच नाही. ना गॅस, ना भिंग. फुंकणी आणि डोळे. सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला.

बाबा उठले आणि कपाटातून आईची कानातली फुलं घेऊन आले.

ही रव्यांची फुलं त्यांनीच लग्नात आईसाठी केलेली. पुढे डाव्या फुलाचे रवे सुटले. ते परत बसवताना बाबांनी घाईत टाका जास्त दिला, तो वितळून सगळीकडे पळाला आणि रवे त्यात बुडाले. फुलाचा गोळा झाला. आमच्याकडे सोनाराच्या बायकोचे कान म्हणजे दुकानाची पाटी. गिऱ्हाईक बाया आधी तेच बघतात. आईने त्या दिवसापासून डाव्या कानावर पदर घेतला. बाबा म्हणाले होते, पंधरवड्यात नवं करतो. पण चूक त्यांनी कधी कबूल केली नाही आणि त्या फुलाला पुन्हा हातही लावला नाही. आईला जाऊन आता तीन वर्षं झाली.

"मी हे मोडून राहिलो," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. चांगलीच भांडले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हात कापतो, आणि आईची वस्तू एकदा वितळली की गेली. चुकलात तर काय उरेल, असं विचारलं. ते म्हणाले, आत्ता तरी काय उरलं आहे.

पहिला आठवडा त्यांनी नुसत्या तुकड्यांवर घालवला. चार वेळा दाणे वितळून सपाट झाले, चार वेळा त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग एका सकाळी आईचं फूल मुशीत टाकलं. मी दारात उभी राहिले, आत जायची हिंमत झाली नाही. जुना टाका जाळून सोनं शुद्ध केलं. त्याच्या पाकळ्या ठोकल्या. उरलेल्याचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत तापवले, तर ते आपोआप गोल झाले. डिंकाऐवजी गुंजेच्या बियांच्या चिकात हिरवा गंज कालवून, ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दाणा बसवला. मग फुंकणी तोंडात धरली. सोनं क्षणभर चमकलं आणि त्यांनी फुंकणं थांबवलं.

मी आत जाऊन भिंगातून पाहिलं. प्रत्येक रवा सुटा उभा होता, मध्ये काळी फट. उर नगरातल्या त्या कारागिराने हेच पाहिलं असणार, या विचाराने मी हरखून गेले.

दोन्ही फुलं शेजारी ठेवली. नवं कोणतं ते मला ओळखता येईना. तसं मी सांगितलं. बाबांनी भिंग लावलं आणि नव्यावर बोट ठेवलं.

"हे बरं झालं. एवढंसं काम होतं पोरी. तुझ्या मायले एकडाव माफी मागतली असती, तर तवाच जमलं असतं."