भावोजींनी न निवडलेला राउटर

माझ्या भावोजींइतका, म्हणजे ताईच्या नवऱ्याइतका, नीट विचार करणारा माणूस अख्ख्या जोगेश्वरीत सापडणार नाही, आणि त्या नीट विचारानेच आमचा धंदा बुडाला. जोगेश्वरीपासून वर्सोव्यापर्यंत घरोघरी इंटरनेट देणारी आमची छोटी कंपनी. सगळ्या गिऱ्हाइकांचं नेट ज्या एका मोठ्या राउटरमधून जायचं, तो म्हातारा झाला होता. नवा कुठल्या कंपनीचा घ्यायचा, एवढंच भावोजींना ठरवायचं होतं. दोन वर्षं ते ठरवत होते.

विक्रेता वेगाबद्दल बोलायला लागला की भावोजी हात वर करायचे. "ते राहू दे. हे मशीन मरतं कसं, ते सांग." बिचारा गडबडायचा. "सर, हे मरतच नाही." "मग नको. तू खोटं बोलतोस." दुसऱ्या कंपनीने महिनाभर वापरून बघायला राउटर दिला. भावोजी रोज सकाळी त्याच्यावर तळहात ठेवायचे, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि शेवटी "अंग कोमट लागतं" म्हणून त्यांनी तो परत पाठवला. तिसऱ्या कंपनीची ऑर्डर सोमवारी टाईप झाली आणि गुरुवारी फाटली, कारण तोच राउटर वापरणाऱ्या मुलुंडच्या एका माणसाला त्यांनी फोन केला होता. "चांगलाय म्हणाला रे, पण आवाज पडलेला होता त्याचा."

"भावोजी, सर्दी झाली असेल त्याला!"

"असेल. पण नसेल तर?"

या 'नसेल तर'पुढे मी कायम हरलो. आमच्या सोफ्यावर ताटकळून दोन कंपन्यांच्या विक्रेत्यांची इतकी दोस्ती झाली, की एकाच्या बोरिवलीच्या वास्तुशांतीला दुसरा सहकुटुंब जेवून आला.

मग एका दुपारी जुना राउटर बंद पडला, तो पडलाच. भावोजींनी तासाभरात हाताला लागेल त्या कंपनीच्या कागदावर सही केली. पण माल यायला सहा आठवडे होते, आणि तोवर उसन्या आणलेल्या मशीनवर निम्मी घरंसुद्धा चालेनात. गिऱ्हाइकं भराभर गेली. उरलेली आम्ही एका मोठ्या कंपनीच्या हवाली केली. त्यांची माणसं आली आणि जेवणाच्या सुट्टीआधी आपला राउटर लावून मोकळी झाली. भावोजी भिंतीला टेकून बघत होते. "कोणाला काही विचारलंसुद्धा नाही रे," एवढंच म्हणाले.

गिऱ्हाइकांना मेसेज टाकू या, असं मी सुचवलं. "मेसेज कसला? वाट मी लावली ना, मग तोंड दाखवायला नको?" असं म्हणून ते घरोघर फिरले. शेवटचं घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, एका मावशींचं. नेट नसल्यामुळे त्यांच्या लग्नाकार्यातल्या मासळीच्या ऑर्डरी हातच्या गेल्या होत्या. मी दारातच थांबलो.

"मावशी, चुकलं माझं," भावोजी म्हणाले.

"चुकलाच तू," मावशी म्हणाल्या. मग पुढ्यातले बोंबील निवडायला लागल्या. "नेट गेला का तुलाच फोन लावून शिव्या घालायची मी. आता कोनाला घालू?"

त्यांनी मूठभर सुके बोंबील कागदात बांधून भावोजींच्या हातात कोंबले. रिक्षात ते पुडकं मांडीवर दोन्ही हातांनी धरून भावोजी बसले होते.