टाकीची शिडी

मी सहा वर्षं शिडाच्या जहाजावर नोकरी केली. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत हे कुणाला नीट समजावून सांगता आलं नाही. लोकांना वाटायचं, मी क्रूझवर पाहुण्यांच्या खोल्या आवरते. सुरुवातीला आई खुलासा करायची. पुढं तिनंही नाद सोडला. "बोटीवर असती," एवढंच म्हणायची.

जहाज युरोपातलं, तीन डोलकाठ्यांचं, जुन्या पद्धतीचं होतं. इंजिन होतं, पण ते बंदरात शिरण्यापुरतं. सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली दोन-तीन आठवडे राहायला यायची आणि आम्ही त्यांना जहाज हाकायला शिकवायचो. डोलकाठीला आडव्या काठ्या असतात, त्यांना शिडं बांधलेली असतात. शीड सोडायचं किंवा गुंडाळायचं तर दोरांच्या शिडीनं वर जायचं, आडव्या काठीवर पोट टेकवायचं, पाय खालच्या एका दोरावर ठेवायचे आणि दोन्ही हातांनी काम करायचं. कमरेला पट्टा असतो, पट्ट्याला आकडा. आम्ही चौदा जण कायमचे होतो, त्यांत पाच बायका. डेकवरच्या कामाची मुकादमही बाईच होती, पन्नाशीची, फार कमी बोलणारी.

मी तिथं पोचले ती कॉलेजातल्या एन.सी.सी.च्या शिबिरामुळं. शिबिरात शिडाची होडी पहिल्यांदा हातात आली. पुढं गोव्यात तीन वर्षं होड्या शिकवल्या, आणि तिथून या जहाजावर. वर चढायला मला कधी भीती वाटली नाही. उलट, वर जाऊन थिजलेल्या मुलींना खाली आणायला मलाच पाठवायचे. त्यांचा घोटा हातात धरून एकेक पाऊल दोरावर ठेवायचं, आणि तोंडानं काहीतरी बोलत राहायचं. मी मराठीत बोलायचे. त्यांना काही कळायचं नाही, पण उतरायच्या.

सहाव्या वर्षी, सप्टेंबरात, एका दुपारी आम्ही बंदरात शिरत होतो आणि शिडं गुंडाळत होतो. वारा फार नव्हता. काठीवर माझ्या पलीकडं एक पोलंडची मुलगी होती. आम्ही दोघी चार वर्षं एका खोलीत राहत होतो. ती माझ्या वरच्या बंकवर झोपायची आणि सकाळी उतरताना न चुकता माझ्या उशीवर पाय द्यायची. काम संपलं तेव्हा मागं सरकायला तिनं आकडा काढला, दुसरीकडं लावायला. त्या अर्ध्या मिनिटात तिचा पाय दोरावरून सटकला. मी तिची बाही धरली. बाही माझ्या मुठीत होती, हे मला पक्कं आठवतं, कापडाची शिवण बोटांना लागत होती. मग मूठ रिकामी झाली.

ती खाली बांधलेल्या छोट्या नावेच्या ताडपत्रीवर आपटली आणि तिथून डेकवर. वाचली. कंबर आणि पाठीचे दोन मणके मोडले. चौकशी झाली. कुणी मला दोष दिला नाही, कागदावरही नाही आणि तोंडावरही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वर निघाले. डेकपासून पुरुषभर उंचीवर माझे हात दोराला चिकटले. मी त्यांना सांगत होते आणि ते ऐकत नव्हते. मुकादमबाईंनी मला खाली घेतलं आणि हंगाम संपेपर्यंत डेकवरची कामं दिली. निघताना त्या म्हणाल्या, एप्रिलला जहाज निघेल, जागा ठेवते, पण चढता आलं पाहिजे.

ऑक्टोबरात मी घरी आले. सांगितलं, हंगाम संपला. बाकी काही सांगितलं नाही.

त्या चार महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मी सकाळी उठायचे आणि संध्याकाळ कधी होते याची वाट बघायचे. आईला भाजी निवडून द्यायचे. आठवड्यातून एकदा नळाला पाणी आलं की पिंपं भरायचे, त्या दिवशी जरा बरं वाटायचं. गच्चीवर कपडे वाळत घालायचं मी टाळायला लागले. आमचं घर एकमजली आहे, तरी कठड्याजवळ गेलं की मी खाली बसायचे. आईला वाटलं माझ्यात रक्त कमी आहे, तिनं बीट आणि खजूर सुरू केले. पप्पा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मुळातच कमी बोलणारे. ते फक्त बघायचे. नातेवाइकांची स्थळं यायची. एकतिसाव्या वर्षी बोटीवरनं परत आलेली मुलगी म्हणजे आता थांबलेली मुलगी, असा सगळ्यांचा हिशेब होता.

पोलंडच्या त्या मैत्रिणीला मी रोज मेसेज लिहायचे आणि पुसायचे.

फेब्रुवारीत मुकादमबाईंची मेल आली. दोनच ओळी. यादी करते आहे. चढू शकतेस का, पुढच्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळव.

माझ्याकडं अकरा दिवस होते.

आमच्या घरामागं दोन गल्ल्या सोडून पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या एका खांबाला लोखंडी शिडी आहे, सरळ उभी. तिथला लाइनमन म्हातारा होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. तो पहाटे पाणी सोडायला यायचा आणि वर जाऊन पातळी बघायचा. मी त्याला म्हटलं, मला रोज सकाळी शिडीवर सराव करू द्या, नोकरीची परीक्षा आहे. त्यानं विचारलं, पोलीस भरती का? मी हो म्हटलं. तो फाटक उघडं ठेवायला लागला.

पहिल्या दिवशी मी चार पायऱ्या चढले आणि उतरून फाटकाबाहेर उलटी केली. दुसऱ्या दिवशी सात. घरी सांगायचे, फिरायला जाते. चौथ्या दिवशी खांबांना जोडणाऱ्या पहिल्या तुळईपर्यंत पोचले आणि मला रडू आलं, आनंदानं. त्या दिवशी मी गुलमंडीत जाऊन नवी जाड पँट घेतली, जहाजावर लागते तशी. आई म्हणाली, "आज खाल्लंस माय पोटभर."

गुरुवारी, म्हणजे उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी, मी ठरवलं होतं की आज वरपर्यंत. चाचा व्हॉल्व्हच्या खोलीत होता. पहिली तुळई ओलांडली, दुसरी ओलांडली. तिसरीच्या थोडी अलीकडं होते तेव्हा खालच्या गल्लीत कुणीतरी दोरीवरचा शर्ट झटकला. नुसता कापडाचा फटका. मी खाली बघितलं.

पुढचं सगळं शरीराचं होतं. हात चिकटले. गुडघे शिडीवर आपटायला लागले आणि शिडी वाजायला लागली. मी डोळे मिटले तर बाही सुटायची, उघडले तर जमीन फिरायची. हाक मारायची होती, पण आवाज निघेना.

आमच्याकडं टाकीवर माणूस चढला की त्याला मागणी असते. आरक्षण, भरपाई, नोकरी, काहीतरी. त्यामुळं खाली माणसं जमायला लागली ती त्याच समजुतीनं. मोबाइल वर झाले. शेजारच्या गल्लीत नऊ दिवस पाणी आलं नव्हतं. तिथल्या बायका हंडे घेऊन आल्या आणि घोषणा द्यायला लागल्या. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी चढलेय. एक पोलीस भोंगा घेऊन आला आणि परत परत विचारत राहिला, "ताई, तुमची मागणी काय आहे? मागणी सांगा, साहेब येतायत."

मला खरंच वाटलं, एखादी मागणी असती तर बरं झालं असतं. कुणीतरी हो म्हटलं असतं आणि मी उतरले असते. मी तिथं असताना मला एकदा असंही वाटलं की बोटं सोडावीत. मरायचं म्हणून नाही, हे संपावं म्हणून. इतकं साफ वाटलं की त्याचीच मला जास्त भीती बसली आणि मी शिडीला कपाळ टेकवून धरलं.

मग घोषणांमधून पप्पांचा आवाज आला. ते बनियन-पायजम्यावर आले होते. ते ओरडले नाहीत, पण भोंगा बहुतेक सुरूच होता, म्हणून मला ऐकू आलं.

"तिची काय मागणी नाय. माझी पोरगी हाय ती. घाबरली."

घोषणा थांबल्या. बायकांनी हंडे खाली ठेवले.

अग्निशमनची गाडी यायची होती. तिची वाट न बघता चाचा चढला. साठीला आलेला माणूस, त्याच्या धापा मला खालून जवळ येताना ऐकू येत होत्या. त्यानं माझ्या पायांच्या दोन्ही बाजूंनी शिडी धरली आणि माझा घोटा पकडला.

"नीचे नक्को देख बेटा. मेरा हात मालूम होरा ना? बस. अब ये पाव मेरा."

एकेक पाऊल त्यानं पायरीवर ठेवलं. हात सुटेनात तेव्हा तो एक पायरी वर आला आणि माझी बोटं एकेक करून उघडली. तो सारखा बोलत होता, त्याच्या नातीच्या शाळेबद्दल, व्हॉल्व्हच्या गंजाबद्दल. जमिनीवर पाय लागले तेव्हा मी बसले आणि मला उठता आलं नाही.

चौकीत एका महिला फौजदारानं माझा जबाब घेतला. पप्पा शेजारच्या खुर्चीवर. तिनं विचारलं, कशाला चढलात? मी पोलीस भरती म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं, जहाज, काठी, बाही, मूठ. तिनं मध्येच लिहायचं थांबवलं आणि नुसतं ऐकलं. शेवटी तिनं कागदावर दोन ओळी लिहिल्या, समज देऊन सोडलं, आणि चाचालाही काही होणार नाही असं आपणहून सांगितलं. पण फाटकाला त्याच दिवशी कुलूप लागलं. चाचाला महिन्याभरानं दुसऱ्या टाकीवर हलवलं, ते माझ्यामुळंच असणार. मी त्याला भेटायला गेले तेव्हा त्यानं चहा पाजला आणि तो विषय काढू दिला नाही.

चौकीतून परतताना पप्पांनी त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडं स्कूटर कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मागं न बघता विचारलं,

"तू सोडली व्हय तिला?"

"सुटली, पप्पा."

"मंग सोडणं येगळं, सुटणं येगळं."

"मला नाही कळत फरक."

त्यांनी बोटानं आरशावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "मलाबी सांगता यायचा नाय. पर हाय." आणि किक मारली.

आईला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. मी पलंगावर पडले होते. ती खोबरेल घेऊन आली आणि माझी बोटं चोळत बसली. बोटं अजून अर्धवट मिटलेलीच होती, गोठल्यासारखी. फक्त म्हणाली, एवढे महिने एकटीच होतीस का गं घरात.

शुक्रवारी मी जहाजाला नाही म्हणून कळवलं. मुकादमबाईंचं उत्तर तासाभरात आलं. कळवल्याबद्दल आभार, तुझी पेटी कुठं पाठवू. पेटी मे महिन्यात आली. तिच्यात माझा पट्टा होता, आकड्यासकट. जहाज एप्रिलला निघालं. काही दिवस मी मोबाइलवर नकाशात त्याचा ठिपका बघायचे, नंतर ते ॲप काढून टाकलं.

पेटी आली त्याच महिन्यात मी मैत्रिणीला मेसेज लिहिला आणि पुसला नाही. बाही धरली होती, हे लिहिलं. सुटली, हेही लिहिलं. तिनं वाचलं, तशी खूण दिसली. तिच्या बहिणीनं कळवलं, ती आता कुबड्यांवर चालते आणि कामाला जाते. तिचं उत्तर आलेलं नाही. आलं पाहिजे असं मला म्हणता येत नाही.

सध्या मी बिडकीनला नोकरी करते. तिथं नव्या कारखान्यांची बांधकामं चालू आहेत. उंचीवर काम करणाऱ्या माणसांना पट्टा कसा बांधायचा, आकडा कधी काढायचा आणि कधी काढायचा नाही, हे मी शिकवते. जमिनीवर उभं राहून. बहुतेक जण कंटाळतात, मी तेच परत सांगते. मागच्या आठवड्यात एका पत्रे बसवणाऱ्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी गेलत का वर?"

"गेले आहे," मी म्हटलं.

"मंग आता का नाय येत?"

मी त्याचा आकडा ओढून बघितला, बसला होता. त्याला जा म्हटलं. तो चढला, आणि तो उतरेपर्यंत मी पत्र्याच्या खोलीत जाऊन पाठ करून बसले. बाहेर शिडी वाजत होती. दुपारच्या जेवणापर्यंत अजून सोळा जण चढायचे होते.