यंदा दारं जागेवरच

सणाच्या तीन दिवस आधी ताईचा फोन आला. "यंदा कुणी येऊ नका. ज्याने त्याने आपापल्या घरी करा."

मी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही. तुला नेहमी वाईटच कसं सुचतं रे?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

एकतीस वर्षं वर्षातला हा मोठा सण आम्ही ताईच्या घरी करत आलो होतो. तेवीस माणसं. मी एकदाही चुकवला नाही. एका वर्षी तर बरगडी मोडलेली असताना गेलो. त्यामुळे फोन हातात धरून मी तसाच उभा राहिलो. बायको म्हणाली, "तुम्हीच गेल्या वर्षी काहीतरी बोलला असाल." मी आठवून पाहिलं. काही आठवेना.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, सुतार. दारं बनवायच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली. तिथे त्यांना सगळे 'गुण्या' म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. दुसरे कारागीर दिवसाला चार दारं बसवत, हे तीन. पण यांनी बसवलेलं दार कधी परत आलं नाही. चौकटीवर हातोडीचा एक ठसा दिसला तरी ते चारचौघांत माणसाची अब्रू काढत. "खिळा एवढा मोठा आहे, तो दिसला नाही का तुला?"

त्यांच्या घरात तेवीस माणसं जेवायला बसतील असं टेबल नाही. म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी आतल्या खोल्यांची चारही दारं काढली आणि लाकडी घोड्यांवर आडवी टाकली. वर चादरी. झालं टेबल. तेव्हापासून दरवर्षी तेच. बिजागरीच्या पिना वर ओढून काढायच्या, दाराखाली पाचर सारायची, गुडघा लावायचा आणि दार उचलून बाहेर आणायचं. प्रत्येक दाराच्या कडेला पटाशीने खाचा केलेल्या, एक ते चार, म्हणजे परत लावताना घोळ नको. जेवणं झाली की पुन्हा दारं जागेवर.

आणि हे सगळं त्यांनी एकट्याने करायचं. मी गोदामात हमाल होतो, चौतीस वर्षं पोती वाहिली. दरवर्षी म्हणायचो, "भाऊजी, एक बाजू धरतो." दरवर्षी उत्तर तेच. "मेहुणे, हात लावायचा नाही. दोघांनी उचललं की एकाचा जोर लटका असतो. आणि तो कुणाचा, ते कळत नाही." मला हे पटायचं. गोदामात मी तसली माणसं भरपूर पाहिली होती.

सणाच्या दिवशी सकाळी मी निघालो. बायको म्हणाली, "येऊ नका म्हटलंय ना?" मी म्हटलं, "मला म्हटलेलं नाही. सगळ्यांना म्हटलंय."

ताईच्या घराचे तीन जिने चढून गेलो. एरवी दुसऱ्या जिन्यावरच आवाज यायला लागतो. आज काही नाही. शेजाऱ्यांकडची भांडी वाजत होती, तेवढंच. दार ताईने उघडलं. मला पाहून तिचा चेहरा उतरला. असं आजवर झालं नव्हतं.

आत गेलो आणि थांबलो. चारही दारं जागेवर होती. बंद. सणाच्या दिवशी त्या घरात मी बंद दार कधी पाहिलंच नव्हतं. घर ओळखू येईना. भाऊजी बनियनवर बसून पेपर वाचत होते. नवा शर्ट नाही, दाढी नाही.

"निरोप मिळाला नाही का, मेहुणे?"

"मिळाला."

"मग?"

"ऐकू कमी येतं हल्ली."

"खायचं विचारलं की बरोबर येतं." ते हसले, पण पेपरमागूनच.

मी पिशवी ठेवली. म्हटलं, "तिघंच आहोत तर एक दार पुरे. काढा एक." त्यांनी पेपराचं पान उलटलं. मी म्हटलं, "मग मी काढतो," आणि जवळच्या दाराकडे गेलो. चेष्टाच करत होतो. त्यांनी ओरडावं म्हणून बिजागरीच्या पिनेला हात घातला.

पिन हलेना. वाकून पाहिलं. पिनेचं खालचं टोक ठोकून पसरवलेलं होतं. अशी पिन वर येत नाही. कधीच. मधली बिजागरी पाहिली, खालची पाहिली. तेच. दुसऱ्या दारावर तेच. चार दारं, बारा पिना, सगळ्या ठोकलेल्या. आणि चौकटीभर हातोडीचे ठसे. रंग उडालेला, लाकूड चेपलेलं. एका ठिकाणी तर चौकटीचा टवका निघालेला. शिकाऊ पोरानेही असं काम केलं नसतं.

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते चोराचं. मग वाटलं, घरात भांडण झालं. मी विचारलं, "भाऊजी, हे कुणी केलं?"

"मी."

"तुम्ही?"

"डाव्या हाताने केलंय. म्हणून तसं झालंय."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आता सांगून टाका. आलाच आहे तो." भाऊजींनी पेपराची घडी घातली, ती पुन्हा उलगडली. शेवटी ताईच बोलली.

"गेल्या सणाला तीन नंबरचं दार यांच्या हातून सुटलं. माझ्या पायावर पडलं."

मी तिच्या पायाकडे पाहिलं. गेल्या सणानंतर ताई महिनाभर लंगडत होती. जिन्यावरून पाय घसरला असं सगळ्यांना सांगितलं होतं. मी तिला भेटायला आलो होतो आणि कसं उतरावं, कठडा कसा धरावा, यावर तासभर अक्कल शिकवून गेलो होतो. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. आज तिने मोजा काढला. दोन बोटं एकमेकांवर चढलेली, नखं नाहीत.

"हाड मोडलं होतं?"

"दोन."

"आणि तू त्या दिवशी सगळ्यांना वाढत होतीस?"

"मग काय, तेवीस माणसांना उपाशी ठेवू?"

मग मला तो आवाज आठवला. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. आतून धाडकन आवाज आला. आणि मी ओरडलो होतो, "काय भाऊजी, म्हातारपण आलं का? दार पाडलंत की काय?" सगळे हसले होते. आतून भाऊजींचा आवाज आला होता, "तुझ्या डोक्यावर पाडायचं होतं, नेम चुकला." त्यावर आणखी हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी.

मी तिथेच जमिनीवर बसलो.

भाऊजींनी उजवा हात पुढे केला. दिसायला धडधाकट. "मानेतली शीर आहे म्हणतात. हात मधेच सुटतो. आधी सांगत नाही. गेलेला जोर परत येणार नाही असं डॉक्टर म्हणालेत."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

म्हणजे त्याआधीची दोन वर्षं आम्ही बाहेर हसत बसलो होतो आणि हे आत तसल्या हाताने दारं उचलत होते. चार दारं काढायची, चार लावायची. माणूस ओझ्यासमोर उभा राहिला की त्याला ते झेपणार की नाही, हे मी लांबून सांगायचो. गोदामात त्यावरच गड्यांच्या जोड्या लावायचो. आणि हे मला तीन वर्षं दिसलं नाही.

"मला सांगायचं नाही?" माझा आवाज चढला.

"मी म्हणत होते, धाकट्याला सांगू," ताई म्हणाली. "तर हे म्हणाले, तो हसेल."

जमिनीवर पडलेला मोजा मी उचलून ताईला दिला.

भाऊजी म्हणाले, "एकतीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. आता कोणत्या तोंडाने म्हणू, एक बाजू धरा? पिना मोकळ्या राहिल्या असत्या तर मी या वर्षीही दार काढलं असतं. मला माझा भरवसा नाही. म्हणून ठोकून टाकल्या. दारं निघत नाहीत, टेबल होत नाही, सण नाही. विषय संपला."

आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या लहान टेबलावर जेवलो. गोडाचं काही नव्हतं. ताईने नेहमीच्या सवयीने मोठं पातेलं काढलं होतं, ते पुन्हा आत ठेवलं. एकदा भाऊजींच्या हातून चमचा पडला. तो उचलायला आम्ही दोघं एकदम वाकलो. ते म्हणाले, "एक चमचा, दोन हमाल." ताई हसली. मला हसू आलं, पण ते मी दाबलं. त्यांनी ते पाहिलं.

"हस की. आता काय राहिलंय?"

जेवण झाल्यावर ते उठले आणि हत्यारांच्या पेटीतून कानस घेऊन आले. माझ्यासमोर ठेवली. "तीन नंबर. खालून सुरुवात कर. आणि मी सांगतो तसंच."

मी जमिनीवर आडवा झालो आणि पिनेचं पसरलेलं टोक घासायला लागलो. ते डोक्याशी स्टूल घेऊन बसले. "पुढे दाब, मागे दाबू नकोस. पोतं ओढतोयस का?" खांदा भरून आला. एका पिनेला पस्तीस मिनिटं लागली. तिन्ही निघायला पावणेदोन तास. मग दार उचलायची वेळ आली. एक बाजू मी धरली. दुसऱ्या बाजूला भाऊजी उभे राहिले, पण त्यांनी हात लावला नाही. खांदा लावला.

दार बाहेर आलं. भिंतीला टेकवलं. मी म्हटलं, "आपल्यात लटका जोर कुणाचा होता?"

"तुझा," ते म्हणाले.

दार पुन्हा लावून मी संध्याकाळच्या आत घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही हसला होतात." मी म्हटलं, हो.

अजून नऊ पिना बाकी आहेत. रविवारी जाणार आहे. काल ताईचा फोन होता. भाऊजींनी नवी कानस आणली आहे, जुनी बोथट होती म्हणे. हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं?