जुळ्या बहिणींचे आकडे

आम्ही दोघी जुळ्या. बाबा पोफळीला वीजघरात नोकरीला, राहणं तिथल्याच वसाहतीत. चौथीपर्यंत आमच्यात हुशार कोण, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली शाळेत पुण्याहून एक बाई आल्या, मुलांची बुद्धी मोजायला. एकेकाला आत बोलवत. रंगीत ठोकळे जुळवायचे, चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं, मग तोंडी प्रश्न. घरी जाताना बहिणीने विचारलं, "आंबा आणि फणस यांत सारखं काय, ह्याला तू काय सांगितलंस गो?"

"दोन्ही फळं."

"मी सांगितलं, दोघांना चीक असतो. बाई काय बोलल्या नाहीत."

महिन्याभराने बाबांना शाळेत बोलावून आकडे सांगितले. माझा मोठा, तिचा बराच लहान. बाबा वाईट माणूस नव्हेत. पण पाचवीला त्यांनी मला चिपळूणच्या नावाजलेल्या शाळेत घातलं, तिला तिथेच ठेवलं. आई तिला दुकानात पाठवेनाशी झाली, हिशेब चुकेल म्हणून. हळूहळू काहीही विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची, "तिला विचारा." दहावीला ती गणितात आणि इंग्रजीत राहिली, तेव्हा घरात कुणी रागावलंसुद्धा नाही.

मी देवरूखला मामाकडे राहून कॉलेजात जाऊ लागले. मानसशास्त्राच्या तासाला सर बुद्धीचे सिद्धांत शिकवत होते. कुणी म्हणतं, सगळ्यामागे एकच शक्ती असते. कुणी म्हणतं, बुद्ध्या अनेक, आणि गाणाऱ्याची, माणसं ओळखणाऱ्याची बुद्धी या चाचण्यांत येतच नाही. तास संपल्यावर मी सरांना चिकाचं सांगितलं.

"फळं म्हटलं की पूर्ण गुण, चीक म्हटलं की कमी," सर म्हणाले. "पण चौथीतल्या आकड्यावर मुलीचं सगळं ठरवलं कुणी?"

शनिवारी घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी ढ नव्हते?"

"नव्हतीस."

"मग इतकी वर्षं काय चाललं होतं?"

बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले, "मला शाळेने सांगितलं, मी मानलं. मी काय त्यातला शिकलेला?"

त्या वर्षी सुट्टीला आले की मी तिच्यासोबत गणितं सोडवायला बसे. बरोबर आलेलं उत्तरही ती खोडून टाकायची. मार्चमध्ये परीक्षेला बसली आणि दोन्ही विषयांत सुटली.

"पेपर सोपे निघाले असतील," बाबा म्हणाले, मायेनेच.

तिने गुणपत्रिका घडी घालून कपाटात ठेवली. कॉलेजचा विषय काढला की उठून आत जायची. पुढच्या वैशाखात तिचं संगमेश्वरला लग्न झालं.