पहिली पत्रिका

मालकांनी माझ्या हातातली पत्रिका ओढून घेतली. शाई ओली होती, ती माझ्या बोटाला फासली. पुसू कुठं ते कळेना. मी बोट मुठीत धरून बसलो.

आठवीत होतो. येलदरीच्या अलीकडं आमचं गाव. मालकांच्या घरी लग्न होतं आणि पत्रिकांवर नावं टाकायला चांगलं अक्षर हवं होतं. शाळेत माझ्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. गुरुजीच मला घेऊन गेले. ते ओसरीवर बसले, मला खाली पायरीवर बसवलं. पत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. पहिली पत्रिका देवाची असते एवढं मला ठाऊक होतं. म्हणून वरचीच उचलली आणि त्यांच्या कुलदेवतेचं नाव लिहिलं.

"ती न्हाई. देवाची तू न्हाई लिवायची," मालक म्हणाले. आवाज चढवला नाही. मग गुरुजींकडं वळले. "गुरुजी, बौद्धवाड्याचं पोरगं देवाला आवतन धाडायलंय. देव यील का लग्नाला?"

ओसरी हसली. गुरुजीही हसले.

ती पत्रिका फाडली. मालकांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्यानं दुसरी घेऊन देवाचं नाव टाकलं. वाकडंतिकडं अक्षर, ओळ खाली घसरलेली. तिला हळदकुंकू लागलं आणि ती देव्हाऱ्यात गेली. बाकीचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवला.

मी उठलो नाही. माझा बाप त्यांच्याकडं सालगडी होता. गोठ्याच्या दारातून बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग शोधला मी. नव्हता. भीती होती.

"लिव्ह बाबा. गप लिव्ह," तो म्हणाला.

मी लिहिलं. दिवस कलेपर्यंत लिहिलं. प्रत्येक नावाखाली सहकुटुंब, सहपरिवार. आमच्या वाड्यातलं एकही नाव त्यात नव्हतं. आम्हाला तोंडी सांगायची रीत होती.

तेव्हापासून कुणी बघत असलं की माझ्या हाताला घाम सुटतो. बँकेत स्लिप भरताना मागं माणूस उभा राहिला तरी पेन निसटतं. मी टायपिंग शिकलो. जिंतूरला ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं. पडद्यावर उमटलेलं अक्षर कुणाच्या हातचं ते दिसत नाही. कोणत्या वाड्यातून आलं तेही दिसत नाही. वाटलं, सुटलो.

दुकानात येणारे आईबाप पोरांच्या अक्षराची तक्रार करू लागले की मी म्हणायचो, "आता अक्षराला कोण विचारतंय?" माझ्या मुलीलाही हेच सांगत आलो. ती शुद्धलेखनाची वही काढायची, मी मोबाइल पुढं करायचो. यंदा ती दहावीला आहे. सराव परीक्षेनंतर तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"हुशार आहे हो. तोंडी विचारलं तर सगळं सांगते. पण पेपर पुरा होत नाही. बोटं दुखतात म्हणते. आणि लिहिलेलं आम्हाला वाचता येत नाही."

बोर्डाचा पेपर हातानं लिहायचा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मालकांच्या घरची लेकरं सुंदर अक्षराच्या वेगळ्या क्लासला जातात. त्याचे अर्ज मीच भरून दिले होते. माझी भीती मी तिच्या बोटांत घातली आणि त्या भीतीलाच नवा जमाना म्हणालो. ह्याची माफी कुणाकडं मागू?

परवा मालकांचा तो मुलगा दुकानात आला. म्हातारे मालक गेले, आता तोच मालक. मी बसतो तो गाळाही त्याचाच. लेकीच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर धाडायला बनवून हवी होती. मी बनवून दिली. तो हलला नाही.

"मोठ्या पाव्हण्यांना हातानंच नाव टाकून द्यावं लागतंय बघ. न्हाईतर रुसायलेत लोकं. आमची पोरं अक्षराच्या क्लासला जात्यात, पण घरच्या कामाला कुणी बसून लिवत न्हाई. तुझं अक्षर लय भारी होतं. तू ये, न्हाईतर पोरीला धाड." मग काही आठवून हसला. "देवाची तेवढी आमी टाकू."

माझी मुलगी मागच्या खुर्चीवर अभ्यासाला बसली होती. तिचं पेन थांबलं.

गाळा गेला तर कुठं जाणार, हे आधी डोक्यात आलं. गप लिव्ह, हे ऐकू आलं.

"मी न्हाई येणार," मी म्हणालो. "तीबी न्हाई."

"का रे? लय कामात हायस?"

"देवाला चालत न्हाई तो हात पाव्हण्याला कशाला?"

त्याचं हसू गेलं.

"गाळा कुणाचा हाय, ध्यानात हाय ना?"

"हाय."

तो गेला.

"पप्पा, देवाची म्हंजे काय?" मुलीनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. पायरी, गठ्ठा, हसणारे गुरुजी, गोठ्याच्या दारातले तिचे आजोबा. ती माझ्या हाताकडं बघत होती.

"पण मग लिवायचं तुमी का सोडलं?" ती म्हणाली. "त्यांनी तर न्हाई सोडलं. त्यांची पोरं अजून क्लासला जातात."

गाळा रिकामा करायचा निरोप अजून आलेला नाही. येईल. दारात मोटारसायकल थांबली की मी आधी कोण उतरतंय ते बघतो. पण शाळा सुटली की ती दुकानात येते आणि आम्ही दोघं समोरच्या टेबलावर लिहायला बसतो, रस्त्यावरून दिसेल असं. गिऱ्हाईक बघत राहतं. माझी ओळ खाली घसरते. घसरू दे. दुकान गेलं तर बसस्टँडसमोर पोतं अंथरून लोकांचे अर्ज हातानं लिहू. भीती गेलेली नाही, जाणारही नाही कदाचित. ती माझ्यापाशी राहील आणि माझ्याबरोबर संपेल. पोरीच्या हातात ती पुन्हा द्यायची नाही.