येणार नव्हता तो रिपोर्ट

रुग्णालयात रक्त घेणाऱ्या सुईताईला सहसा कुणी नाही म्हणत नसे. रक्त द्यायला माणूस का कू करू लागला की तिचं वाक्य तयार असे, "द्या हो, तेवढीच तुमचीही तपासणी होईल."

ही चक्क थाप होती. रक्त जाई संशोधनाला. रोगाशी लढणाऱ्या जनुकांत माणसामाणसांत बारीक फरक असतात. त्यातल्या कोणत्या फरकांमुळे जठराच्या नि आतड्यांच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे तिथे शोधत होते. नळीवर नाव नसे, नुसता आकडा. हजारो नळ्या मिळून एक निष्कर्ष निघणार, एकट्यादुकट्याला रिपोर्ट मिळणार नाही. पण ठरलेल्या नळ्या तर भरायलाच हव्यात! तिथे रक्त घेणारे सगळेच ही थाप मारत, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

तुलनेसाठी लागणाऱ्या निरोगी माणसांच्या गटात एक जण कमी पडला, तेव्हा तिने थोरल्या भावाला ओढून आणलं. दादा लेथवर काम करी, आणि सुईला लहान मुलासारखा घाबरे. त्यालाही तिने तेच ऐकवलं. त्यांचे वडील जठराच्या कॅन्सरनेच गेले होते, म्हणून दादाने निमूट हात पुढे केला.

दोन महिन्यांनी दादाचं पोट दुखायला लागलं. चार घास खाल्ले की पोट गच्च.

"पोटात दुर्बीण घालून बघून घे," सुईताई म्हणाली.

"रक्त दिलंय की. आधी त्याचा रिपोर्ट येऊ दे."

"त्याला वेळ लागतो रे."

"मग थांबू. काही वाईट असतं तर तुझ्या डॉक्टरांनी कळवलं नसतं का?"

आता यात अवघड ते काय होतं? दादा, मी थाप मारली, एवढंच बोलायचं होतं. पण धाकटी बहीण असून घरात शहाणी म्हणून मिरवायची सवय, जीभ रेटेना. त्याऐवजी ती संशोधनाच्या डॉक्टरीणबाईंच्या मागे लागली, दादाच्या नळीत काय निघालं ते सांगा म्हणून.

"कोणती नळी कुणाची, हे मलाही कळू देत नाहीत," बाई वैतागल्या. "आणि कळून तरी काय? असे फरक असलेले बहुतेक जण ठणठणीत असतात, नसलेल्यांनाही रोग होतो. भावाचं पोट दुखतंय ना? मग दुर्बीण करा."

सुईताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे तर तिलाही ठाऊक होतं! घरी येऊन ती दादावर ओरडली, वहिनीवर ओरडली, दोनदा रडली. दादा जागचा हलेना. त्याचा त्या रिपोर्टावर भरवसा होता, आणि तो भरवसा तिनेच दिलेला. सहा महिने ती सगळं बोलली, नेमकं तेवढं सोडून.

शेवटी रक्ताची उलटी झाली तेव्हा वहिनीने त्याला रुग्णालयात आणलं. जठरात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, दुखायला लागलं तेव्हाच आला असतात तर कापून काढली असती.

त्या दुपारी खाटेशी बसून सुईताईने एकदाचं सांगून टाकलं.

"मग इतके दिवस मी कशाची वाट बघत होतो?" दादाने विचारलं.

खाटेपलीकडे बसलेली वहिनी उठली, आणि तिने सुईताईला खोलीबाहेर जायला सांगितलं.