मामांनी उचललेलं धृपद

कॉफीचा करपट वास आला की माझं डोकं आजही फिरतं. नोकरीसाठी अमरावतीत नवा आलो होतो आणि दर रविवारी कुठं गाणं ऐकायला मिळतं ते शोधत फिरायचो. बार्शीटाकळीहून मामा आले, तर त्यांनाही एका कॅफेत घेऊन गेलो. गिटारवाल्या गायकानं अभंग धरला. आमच्याकडे भजनात ऐकणाऱ्यांनी मागून धृपद म्हटलं नाही तर तो गाणाऱ्याचा अपमान समजतात. म्हणून मामांनी डोळे मिटून, शेतात हाक मारतात तशा मोकळ्या गळ्यानं धृपद उचललं. गायक थांबला. माईकवरच म्हणाला, "काका, गाण्याचं काम माझं आहे. तुम्ही कॉफी प्या." टेबलाटेबलांवर हशा पिकला. मामांनी कप सरकवला आणि उठता उठता त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "एकट्यालेच गायचं होतं, तं आमाले काहून बोलावलं?" त्यानंतर ते माझ्यासोबत कधीच गाणं ऐकायला आले नाहीत. परवा तोच गायक एका मैदानावर गाताना दिसला. माईक लोकांकडे धरून 'सगळे म्हणा ना' म्हणून विनवत होता. अभंग तोच होता, मला अख्खा पाठ आहे. मी ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत उभा राहिलो.